नवा ब्रिज बसेना: जुनी भोकं 52.5 ची, नवा ब्रिज 56 चा

अमळनेरी_तार

राम राम मंडळी. लग्नसराई तोंडावर आलीये आणि माझी गिटार टेबलावर पोट फाडून पडलीये.

मी अमळनेरचा. दिवसा औषधांचं दुकान, रात्री वरातीत गिटार. आपल्याकडच्या वराती ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको: गाडीवर साउंड, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बेंजो आणि उरलेल्या दीड फुटात मी. मे महिन्यात पारा 45 च्या घरात, दिवस मावळला तरी गाडीचा पत्रा चटका देतो. उजवा तळवा ब्रिजवर, म्हणजे तारा खालच्या बाजूला अडकवतात त्या पत्र्यावर टेकलेला, घाम मनगटावरून सरळ सॅडलवर, म्हणजे प्रत्येक तारेखालच्या छोट्या टेकूवर. 2012 ला पुण्याहून सेकंडहँड घेतली तेव्हापासून हेच चाललंय.

गिटार स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची, चायनीज. ब्रिज सहा स्क्रूंचा, मागे स्प्रिंगा, सूर झुलवायच्या दांडीवाला. सॅडलची उंची कमी-जास्त करायचे बारके स्क्रू गंजून जाम झालेत. तिसऱ्या तारेचं सॅडल खाली बसलंय, तार पंधराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) पुढे खरखरते. पहिली तार गेल्या सीझनला तीनदा तुटली, तिन्ही वेळा सॅडलवरच. दांडीच्या भोकाचे आटे गेलेत, दांडी हातात धरली नाही तर लोंबकळते.

म्हणून ऑनलाइन नवा ब्रिज मागवला, 1850 रुपयांना. चित्रात हुबेहूब तोच. जुना काढून नवा ठेवला तर मधली दोन भोकं कशीबशी जुळतात, बाहेरची जुळतच नाहीत. पट्टीने मोजलं: माझ्या गिटारला पहिल्या भोकापासून सहाव्यापर्यंत 52.5 मिमी, नव्या ब्रिजला 56. शिवाय त्याच्या पोटाखालचा लोखंडी ठोकळा पाठीमागून बाहेर डोकावतो, मागचं झाकण काही लागायचं नाही. परत पाठवतो म्हटलं तर विकणारा म्हणतो पाकीट फोडलंय, आता घेणार नाही.

भाचा म्हणतो, मामा, साडेतीन मिलिमीटरचा तर प्रश्न आहे, नवी भोकं पाडू. ड्रिल मशीन घेऊन बसलाच आहे. पाडू का? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) धरणगावची सुपारी घेतलीये, वीस दिवस राहिलेत.

आणखी एक. जाड तारेकडचा कडेचा स्क्रू काढताना पेचकस लावावाच लागला नाही, बोटांनीच वर आला. त्याच्यासोबत चिमूटभर पिवळा भुसा.

लोको_फिटर

आधी भाच्याच्या हातातून ड्रिल काढून घे, मग पुढचं वाच.

साडेतीन मिलिमीटर म्हणजे दोन्ही बाजूंना पावणेदोन-पावणेदोन. तुझा स्क्रूच साडेतीनच्या आसपास जाड असणार. म्हणजे नवं भोक जुन्या भोकावर अर्धं चढणार. लाकूड मऊ आहे, ते तुझ्या भुशावरूनच कळतंय. बीट जुन्या भोकाकडे घसरेल आणि दोन्ही मिळून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं एकच भगदाड होईल. मग ना जुना ब्रिज बसणार ना नवा. नवी भोकं पाडायचीच तर जुनी आधी बुजवावी लागतात.

समज, बुजवून पाडलीस. तरी तारा आता 56 च्या पसाऱ्यात येणार आणि मान तीच राहणार. शेवटच्या फ्रेटपाशी पहिली आणि सहावी तार पार काठावर जाईल. वरातीत जोरात ओढशील तेव्हा पहिली तार काठावरून खाली उतरेल आणि आवाजाऐवजी नुसतं टक् होईल. ठोकळाही रुंद आहे, खोबणीच्या भिंतीला घासणार.

पार्ट खराब नाही भाऊ, तो दुसऱ्या गिटारचा आहे. जुन्या अमेरिकन मापात बाहेरच्या दोन स्क्रूंमधलं अंतर 2 पूर्णांक 7/32 इंच, म्हणजे 56.4 मिमी. स्वस्तातल्या बऱ्याच आशियाई गिटारींना दोन तारांत 10.5 मिमी ठेवतात. पाच गाळे, म्हणून 52.5. त्यांची बॉडीही पातळ असते म्हणून ठोकळा आखूड लागतो. म्हणजे ब्रिज घेताना स्क्रूंचं अंतर, तारांचं अंतर आणि ठोकळ्याची उंची ही तिन्ही मापं लागतात. चित्र बघून फक्त रंग कळतो.

माप घ्यायची एक खूण सांगतो, वर्कशॉपला नवीन पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. भोकाचा मध्य डोळ्याने सापडत नाही. म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्याच कडेपर्यंत मोजायचं. मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर आपोआप मिळतं. पट्टी ठेव, व्हर्निअर माग कुणाचा तरी.

आणि घाबरू नको. ज्याने हा ब्रिज काढला तो लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1954 ची रचना आहे: वाकवलेला पत्रा, स्क्रू आणि स्प्रिंगा. गिटार न वाजवणाऱ्या फिटरला कळेल अशीच केलीये. मलाही वाजवता येत नाही.

सहावा_फ्रेट

वरातीत दांडी लागते कशाला? मागच्या खोबणीत ठोकळ्याला लागून लाकडाचा घट्ट तुकडा ठोका, पाचही स्प्रिंगा आवळा, ब्रिज हलायचा बंद. सूर जागेवर राहतात. मी दहा वर्षं असाच वाजवतोय. सॅडल तेवढी बदला, ब्रिजचा खर्चच नाही.

अमळनेरी_तार

दादा, तुमचं बरोबर आहे, पण आमच्याकडे नागीण असते. नवरदेवाचे मित्र तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळायला लागले की कीबोर्डवाला बीन धरतो आणि मला तिला झुलवावं लागतं. दांडीशिवाय ती नागीण नाही, दोरी आहे. धरणगावला दोरी वाजवली तर बिदागी कापतील.

फिटरकाका, शेजारच्या आयटीआयवाल्याचा व्हर्निअर आणला. 52.4 आली. माझा जुना ठोकळा 36 मिमी, नव्याचा 42. ड्रिल कपाटात ठेवलंय, भाचा फुगलाय.

काल गंजलेल्या स्क्रूंना तेल लावून रात्रभर ठेवलं. सकाळी सोल्डरिंगचं टोक टेकवून तापवले, मग एलन की घातली. दोन सुटले. तिसऱ्याचं षटकोनी भोक आतून गोल झालं, की नुसती फिरते. नव्या ब्रिजची सॅडल जुन्या पत्र्यावर बसतात का तेही पाहिलं. ती अंगाने रुंद आहेत. पाच दाटीवाटीने बसली, सहावं कलतं झालं, एसटीत चौथी सीट मागणाऱ्यासारखं.

पिंपरीतला_खान्देशी

मी मूळचा चोपड्याचा, इकडे गिटारी दुरुस्त करतो. फिटरकाकांनी काम निम्मं केलंय. माझं मत: पूर्ण ब्रिज बदलूच नका. पत्रा वाकलेला नसेल आणि स्क्रूंकडची धार गोल झाली नसेल तर जुना पत्रा-ठोकळा ठेवा. भोकं त्याचीच आहेत, त्याच्याइतका चपखल दुसरा बसणार नाही. 10.5 मिमी रुंदीच्या सॅडलचा सहाचा संच मागवा, शक्यतो स्टेनलेस. घाम गाळणाऱ्या माणसाने क्रोम मुलाम्याच्या नादी लागू नये, मुलामा उडाला की तिथे जी खरबरीत कड राहते तीच तुमची पहिली तार कापते.

दांडीचं भोक बहुधा 5 मिमी आट्यांचं असेल. लेथवाल्याकडे नेऊन 6 मिमीचे आटे पाडून घ्या. नव्या ब्रिजसोबत आलेली दांडी मोजा, 6 ची असेल तर तीच चालेल. तरी हलली तर नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप दोन वेढे.

आता त्या भुशाच्या भोकाबद्दल, कारण खरा आजार तिथे आहे. सहा तारा, 9 नंबरच्या म्हणजे बारीक, मिळून सुमारे 38 किलोने ओढतात. मागून स्प्रिंगा तेवढ्याच ओढतात. मध्ये उभे हे सहा स्क्रू. कडेचा सैल झाला की ब्रिज दांडी दाबल्यावर तिरका होतो आणि जागेवर परत येत नाही. तुमचे सूर उतरत असणार आणि तुम्ही खुंट्यांना शिव्या देत असणार.

काडेपेटीच्या काड्या कोंबू नका, त्या चुरतात. भोक बीटने सरळ गोल करून घ्या, मग त्यात बसेल अशी बांबूची गुल्ली तासा. फेविकॉल लावून हळू ठोका आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. वर आलेला भाग कापून सपाट करा. नंतर ब्रिज ठेवून, बाकी पाच स्क्रूंनी धरून, सहाव्याची खूण करा. बीट स्क्रूच्या मधल्या दांड्याइतकं, आट्यांइतकं नव्हे. बीटला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर भाचा आरपार जाईल. स्क्रूला मेणबत्ती घासून मग पिळा.

(या दांडीला सगळे ट्रेमोलो म्हणतात. सूर वरखाली होतो त्याला खरं नाव व्हायब्राटो. आवाज कमी-जास्त होणं म्हणजे ट्रेमोलो. फेंडरनेच नावं उलटी दिली आणि जग तसंच म्हणतंय.)

लोको_फिटर

काम सुरू करण्याआधी तारा सैल करायच्या, मग स्प्रिंगा. उलट केलंस तर स्प्रिंग सुटून डोळ्यावर येते. चष्मा लाव.

बोदवडचा_बाबू

काय भो, व्हयनं का नही? आखाजी तर हुई गई.

अमळनेरी_तार

व्हयनं भो, पण रडवून.

सॅडलचा संच पाच दिवसांत आला. लेथवाल्याला ठोकळा दाखवला तर आधी विचारतो, कशाचा पार्ट आहे, ठिबकचा का? गिटारचा म्हटल्यावर त्याने टॅप मारून दिला आणि पैसे घेतले नाहीत, मुलाच्या लग्नात वाजव म्हणाला. त्याचा मुलगा सहावीत आहे. दांडी नव्या ब्रिजचीच बसली. बांबूची गुल्ली मी तासली, ठोकली भाच्याने. त्याचा रुसवा तिथे गेला.

ब्रिज बसवताना कडेचे दोन स्क्रू टेकेपर्यंत पिळले, मधले चार पोस्टकार्डाच्या जाडीइतके वर ठेवले. आता दांडी दाबली की ब्रिज सरळ उठतो आणि सरळ बसतो. पूर्वी कर्र आवाज यायचा, तो मी बारा वर्षं गिटारचा स्वभाव समजत होतो.

सॅडल जागेवर आणायला सगळ्यात वेळ गेला. वरच्या नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत 324 मिमी आली, म्हणून पहिल्या तारेचं सॅडल 648 वर ठेवून सुरुवात केली. मग प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर मोबाइलच्या ट्यूनरवर. दाबलेला चढा आला की सॅडल मागे, उतरला की पुढे. जाड तारांची सॅडल मागे मागे सरकत गेली. तिसरीने रात्रीचा दीड वाजवला. बायको दोनदा येऊन पाहून गेली, बोलली काही नाही.

आणि मग अ‍ॅम्प लावला तर भुंग्यासारखी घूं. तारांना हात लावला तरी घूं तेवढीच. आधी हात लावला की कमी व्हायची. झाकण उघडलं तर स्प्रिंगा अडकवतात त्या पट्टीला जोडलेली अर्थची वायर तुटलेली, पट्टीचे स्क्रू फिरवताना मीच पिळली असणार. माझं 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न तिथे टेकवलं, शिसं वितळेचना. ती पट्टी सगळी उष्णता पिऊन टाकते. शेवटी टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने आधी तिथला भाग कानसेने घासला, मोठं आयर्न लावलं, चार सेकंदांत काम.

धरणगावला पावणेबारापर्यंत वाजवलं. पहिली तार शाबूत. नागीण वाजली, एकाचा रुमाल गटारीत गेला. बिदागी पूर्ण.

1850 च्या ब्रिजमधली दांडी आणि तीन स्प्रिंगा वापरल्या, रुंद सॅडल डब्यात आहेत. कुणाची 56 ची गिटार असेल तर पत्रा-ठोकळा-सॅडल न्या, चहा पाजा बस. माझ्या जुन्या स्प्रिंगा मागू नका, त्या बेंजोवाल्याने नेल्या. त्याच्या कूलरचं मागचं झाकण लागत नव्हतं.