एसीसाठी वेगळी लाइनच ओढा
१६ अँपिअरचा सॉकेट आहेच, मग गीझरच्या लाइनवर दीड टनाचा स्प्लिट एसी चालवायला काय हरकत, असं एकाने विचारलंय. हरकत आहे. २ किलोवॉटचा गीझर एकटाच साधारण ९ अँपिअर खेचतो, त्यात एसीचे ७-८. दोन्ही एकदम चालले की वायर तापणार. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून कुणी ३२ अँपिअरचा बसवून देत असेल तर साफ नकार द्या. एमसीबी वायरला वाचवायला असतो, वायरच्या मानाने मोठा बसवला तर तो वेळेत पडत नाही.

डीबीपासून (घरातले सगळे एमसीबी असतात तो बोर्ड) थेट ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (एसी सुरू होताना क्षणभर जास्त करंट घेतला तरी न पडणारा), आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) नसेल तर तोही. अर्थिंग खरंच पोचलंय का ते मोजून घ्या. जुन्या इमारतींत सॉकेटला तीन भोकं असतात, पण मागे अर्थिंगची हिरवी वायर नुसती लोंबकळत असते.

एसीच्या इनडोअर-आउटडोअर युनिटमधली केबल सलग घ्या, मधे जोड नको. टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात दगा देतो. टर्मिनलचा स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघायला सांगा, सैल राहिला तर तिथेच जळून काळं पडतं. आणि इन्व्हर्टर एसीत मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, त्यामुळे आउटडोअर युनिटचं झाकण स्वतः उघडू नका.