मदत हवी आहे : प्रश्न विचारले की गोष्टच हातातून निसटते

नमस्कार मंडळी, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये गेले तीन रविवार छोट्यांसाठी गोष्टींचा तास घेतेय, पोरं १४-१५, वय ३ ते ७ (इथेच पहिली चूक झालीय बहुतेक). मी शिक्षिका वगैरे नाही, लेकाला रात्री सांगते तेवढाच अनुभव.

पहिल्यांदा म्हातारी आणि भोपळा. "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक"ला सगळी उड्या मारत होती, मस्त चाललेलं. मग मला अवदसा आठवली आणि विचारलं, वाघ समोर आलाय, आता म्हातारीने काय करावं? झालं! एक म्हणे पोलिसांना फोन करा, एक म्हणे वाघाला पिझ्झा मागवा, तिसऱ्याने पिझ्झावर काय काय हवं ते सुरू केलं आणि लेकीकडे तूप-रोटी खाऊन परत निघालेली बिचारी म्हातारी जंगलातच राहिली.

मग चिऊ-काऊ. अर्ध्यांना शेण-मेण दोन्ही माहीत नाही. मेणबत्तीचा तुकडा नेलेला, तो सगळ्यांनी नखाने टोकरून बघितला, पण शेण म्हणजे गाईची शी म्हटल्यावर पुढची दहा मिनिटं नुसती शी शी. काऊचं घर वाहून गेलं ते कोणी ऐकलंच नाही.

परवा वैतागून प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या वेबसाइटवरची (फुकट आहे, मराठी गोष्टीही भरपूर) एक गोष्ट टीव्हीवर लावली. चिडीचूप! पण तोंड उघडं टाकून स्क्रीन बघत बसली, ते तर घरी चालूच असतं. आणि मागे बसलेले आईबाबा आपापल्या पोराला "सांग ना, येतं ना तुला" म्हणून ढोसत असतात, त्यांचं काय करू?

पोरांना बोलतं तर ठेवायचंय पण गोष्ट पूर्ण व्हायला हवी, कसं करता तुम्ही?

प्रतिसाद :
बालवाडीत बारा वर्षं काढलीत म्हणून सांगते. प्रश्न असा विचारा की उत्तर काहीही आलं तरी गोष्ट हलत नाही. काऊ दार वाजवतो ना, तिथे पोरांनाच चिऊ करा. "थांब, माझ्या बाळाला..." एवढं तुम्ही म्हणायचं, पुढचं त्यांनी. अंघोळ घालते, तीट लावते, पिझ्झा भरवते, काही म्हणू देत, काऊ बाहेर भिजतोच! वाघाचा प्रश्न मात्र गोष्ट संपल्यावर. चित्रं हवीत तर मोठ्या कागदावर प्रिंट काढा, एकेक उचलून दाखवा, कोकणातल्या पिंगुळी गावचे चित्रकथी सुट्या चित्रांवरच कथा सांगतात की. तीन-चारवाल्यांना पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, मग त्यांना मोकळं सोडा. आईबाबांना पाऊस करा, मागे बसून जमिनीवर बोटं वाजवायची, तोंड बंद.

धागाकर्ती :
आईबाबांचा पाऊस 😂 या रविवारीच करते ताई. शेणाचं राहिलं पण!

प्रतिसाद :
गोवरी न्या. हातात द्या, वास घेऊ देत. आणि शी शी आधीच उरकून घ्या, मग गोष्ट.