नदीच्या वतीने बोलणारी दोन माणसं
‘निसर्ग वाचवला पाहिजे’ हे म्हणणं पटतं, पण त्यातही निसर्ग आपल्याबाहेरची वस्तूच राहतो. न्यूझीलंडने २०१७ मध्ये व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. तिच्या वतीने बोलायला दोघं नेमतात, एक सरकारने सुचवलेला आणि एक तिथल्या मूळ रहिवासी माओरींनी. म्हणजे कुणी तिच्यात घाण सोडली तर ‘नुकसान कुणाचं?’ याला सरळ उत्तर आहे: नदीचं. इक्वाडोरने तर २००८ सालीच निसर्गाचे हक्क राज्यघटनेत घातले. तेल उपसणं मात्र चालूच राहिलं, त्यामुळे नुसत्या कायद्यावर माझी फारशी भिस्त नाही. व्हांगानुईमागे माओरींचा शंभराहून जास्त वर्षांचा लढा आहे, आणि ते नदीला पूर्वज मानतात. आपण तिला ‘जलस्रोत’ म्हणतो. कुणी आजीला असं म्हणतं का?