अंग बाहेर येण्याचं ऑपरेशन झालंय, बाळाला कधीपासून उचलू?

चिऊची_आई: दुसऱ्या डिलिव्हरीनंतर अंग बाहेर यायचं (म्हणजे गर्भाशय/योनीचा भाग खाली सरकायचा), शेवटी खालून रिपेअर केलं, आता घरी आलेय पण धाकटं दीड वर्षाचं सारखं कडेवर घे म्हणून रडतं आणि सासूबाई म्हणतात एवढ्याने काय होतंय. आणि टाक्यांचे धागे पडतायत, नॉर्मल आहे का?

पुणेरी_मावशी: अजिबात उचलू नकोस गं, निदान 6 आठवडे! बादली, भरलेला कुकर, सिलिंडर सरकवणं सगळं बंद. तू पलंगावर बस, त्यालाच चढू दे मांडीवर. धागे विरघळणारे असतात, पडतात. पण घाण वास, ताप, जास्त ब्लीडिंग किंवा लघवी अडकली तर थांबू नकोस, डॉक्टर गाठ.

रातराणी: माझ्या मते उचलण्याइतकंच पोट साफ होणं महत्त्वाचं, कुंथायचं नाही म्हणजे नाही. भरपूर पाणी, डॉक्टरांना विचारून इसबगोल, कमोडवर पायाखाली छोटा पाट. खोकल्याचंही औषध घे, त्यानेही खाली जोर येतो.

वैदर्भी: कीगल (ओटीपोटाखालचे स्नायू आत ओढून धरायचा व्यायाम) डॉक्टर हो म्हणाले की फिजिओकडूनच शीक, बऱ्याच जणी आत ओढायच्या ऐवजी श्वास रोखून खाली ढकलतात. संबंधही चेकअपनंतरच. आणि सासूबाईंना एकदा डॉक्टरांकडे सोबत ने 😄