हुसेन आणि तोच तो घोडा

कोरा_कॅनव्हास:
काल इथे एकाने चित्रकार एम. एफ. हुसेनांबद्दल ठोकून दिलं, "हुसेन म्हणजे घोड्यांचा छापखाना. एक साचा सापडला, जन्मभर विकला." साचा? मोहर्रमच्या मिरवणुकीतला दुलदुल घोडा डोक्यात होताच. १९५२ला चीनमध्ये चित्रकार शू बेइहोंगचे शाईतले घोडे आणि तांग काळातले मातीचे घोडे पाहिले. मग इटलीत मारिनो मारिनीची घोडेस्वारांची शिल्पं. पन्नासच्या दशकातला घोडा मातकट, रंगाचा जाडा थर, अंग आखडलेलं. नंतरच्या काळातला घोडा सपाट रंगाचा, वर एका झटक्यात ओढलेली काळी रेघ, दात विचकलेले. दोन्ही सारखेच दिसत असतील तर चष्मा बदला.

जुनी_रेघ:
चष्मा ठीक आहे. सिनेमाची होर्डिंगं रंगवलेला हात तो. लांबून दिसेल तेवढंच काढायचं, बाकीचं सोडून द्यायचं. शेवटी तीच सवय नडली. आणि मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे १.३८ कोटी डॉलर कशाला आले? १९५४च्या 'ग्रामयात्रा' या चित्राला. गावातल्या जगण्याचे तेरा प्रसंग आहेत त्यात. घोडे घेऊन बसा तुम्ही.

चंद्रभागा:
पंढरपूरला जन्म आणि शेवटी कतारचं नागरिकत्व. यावर कुणी बोलणार नाही!

कोरा_कॅनव्हास:
त्याचा वेगळा धागा काढा. इथे रंगावर बोला.

दहापट_भिंग:
रंगावरच बोलतो. अर्धे लोक ज्याला "हुसेनचा घोडा" म्हणतात तो सेरिग्राफ, म्हणजे जाळीच्या स्क्रीनमधून शाई दाबून काढलेली छापील प्रत असतो, नाहीतर साधं पोस्टर. दहापट भिंग लावा. चार रंगांचे ठिपके फुलासारखे दिसले तर ऑफसेट, म्हणजे पोस्टरची यंत्रछपाई. अगदी बारीक फवारा दिसला तर इंकजेट. सेरिग्राफमध्ये प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन, म्हणून शाईचा सलग थर बसतो. स्क्रीन जरा हलला की दोन रंगांमध्ये पांढरी फट राहते नाहीतर रंग एकमेकांवर चढतात.

जुनी_रेघ:
आणि पेन्सिलची सही? ४५/१५०, म्हणजे दीडशे प्रतींतली पंचेचाळीसावी, असं लिहिलं की झालं?

दहापट_भिंग:
नाही झालं. सहीवर तिरपा उजेड टाका. कागद दबलेला आणि शिसं चमकणारं दिसलं पाहिजे. छापलेली सही सपाट दिसते. तरी खोटी सही पेन्सिलनेही करता येतेच, म्हणून मालकी कुणाकडून कुणाकडे गेली त्याची कागदपत्रं मागा. आणि १/१५० महाग, १४०/१५० स्वस्त, हे दुकानदारी गणित आहे. सेरिग्राफवर आकडे छपाईच्या क्रमानेच पडतात असं नाही. "१९५५चा ओरिजिनल" म्हणून दाखवलेल्या कॅनव्हासवर ॲक्रिलिक सापडलं तर तिथूनच परत फिरा, तो रंग तेव्हा इथे रुळलेला नव्हता.

कोरा_कॅनव्हास:
धागा घोड्याचा होता, छपाईचा नाही.

दहापट_भिंग:
मग ज्यावर भांडताय ते आधी ओळखा! पोस्टर बघून "सपाट रंग, साचा" म्हणणाऱ्याला जाडा थर दिसणार कुठून?

जुनी_रेघ:
बरं बाबा, पन्नासचे घोडे दमदार, दिलं लिहून. नव्वदीनंतरच्यांबद्दल एक अक्षर मागे घेत नाही. ते घाईचेच.

नवखा_संग्राहक:
सेरिग्राफ घरात आहे, काचेला चिकटलाय. ओढून काढू का?

दहापट_भिंग:
अजिबात नाही! शाई काचेवर येईल. फ्रेम तशीच आडवी ठेवा आणि कागद दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. पुढच्या वेळी आम्लमुक्त माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट घाला, काच आणि कागदात निदान ३ मिमी फट ठेवा आणि मागे हार्डबोर्ड थेट टेकवू नका, कागद तपकिरी पडतो. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर तर टांगूच नका.