पीएफएएसबंदी आणि शिकारीचे जाकीट : पावसाळी कपड्यांची सवलत कोणाला मिळावी?

मिशिगनकर (धागाकर्ता)

मी मिशिगनमध्ये राहतो आणि नोव्हेंबरमध्ये हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की रानात जातो. (शिकार करावी की करू नये, हा येथील विषय नाही. त्यासाठी कोणी स्वतंत्र धागा काढल्यास तेथेही बोलेन.) विषय कपड्यांचा आहे. पाणी आणि तेल दोन्ही झटकून टाकणाऱ्या, परंतु निसर्गात जवळजवळ कधीच न विरणाऱ्या पीएफएएस या फ्लोरिनयुक्त रसायनांचा वापर केलेले नवे कपडे विकण्यास कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी 1 जानेवारी 2025 पासून, तर फ्रान्सने 1 जानेवारी 2026 पासून बंदी घातली आहे. डेन्मार्कच्या बंदीसाठी 1 जुलै 2026 ही तारीख ठरली आहे. उत्पादक प्रत्येक राज्यासाठी वेगळे कापड काढत बसत नाहीत, त्यामुळे कायदा कॅलिफोर्नियाचा असला तरी माझ्या गावच्या दुकानातला मालही बदलला.

बंदीला माझा विरोध नाही, आक्षेप सवलतीच्या व्याख्येला आहे. कॅलिफोर्नियाने ‘अतिओल्या परिस्थितीत’ वापरायच्या कपड्यांना 2028 पर्यंत मुभा दिली आणि उदाहरणादाखल खोल समुद्रातील मासेमारी, शिडाच्या होड्या, खळाळत्या नदीतील कयाकिंग आणि गिर्यारोहण यांची नावे घेतली. त्यात शिकार नाही. गिर्यारोहक निदान चालत असतो, आम्ही मात्र शून्याच्या जवळपासच्या तापमानात, रिमझिम पावसात चार-पाच तास हालचाल न करता बसतो. शिकारीच्या कपड्याचा आवाज होऊन चालत नाही, म्हणून त्याचा पृष्ठभाग लवदार ठेवतात आणि नेमकी ही लवच पाणी धरून ठेवते. जुने फ्लोरिनचे फिनिश, म्हणजे कापडाच्या पृष्ठभागावर चढवलेला रसायनाचा थर, त्या लवेवरही थेंब टिकू देत नसे. नवे फिनिश वारंवार धुऊन, ड्रायरमध्ये गरम करून जागे करावे लागते, आणि आम्ही तर साबणाचा वास हरणाला लागू नये म्हणून जाकीट शक्यतो धुतच नाही. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांच्यापैकी एकाने तरी पावसात मचाणावर बसून पाहायला हवे होते, असे मला वाटते.

सूतमाप

मी इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये काम करतो, म्हणून थोडे तांत्रिक लिहितो. आपण जलरोधकता आणि पाणी झटकण्याची क्षमता या दोन गोष्टींची गल्लत केली आहे. पाणी अडवतो तो आतला मेम्ब्रेन, म्हणजे कापडाखालचा पातळ पडदा, आणि एका प्रमुख उत्पादकाने 2022 पासून तोही फ्लोरिनविरहित पॉलिएथिलीनचा बाजारात आणला आहे. बंदीमुळे खरा फरक पडला आहे तो वरच्या कापडाच्या फिनिशमध्ये.

प्रयोगशाळेत कापड 45 अंशांच्या कोनात ताणून त्यावर 250 मिलिलिटर पाणी फवारतात आणि ते किती भिजले यावरून 0 ते 100 असा दर्जा देतात. मेणाचे किंवा सिलिकोनचे चांगले फिनिश नव्या कापडावर या चाचणीत 100 मिळवू शकते. फरक तेलात आहे. पाण्याचा पृष्ठताण 72 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो आणि तेलांचा 30 च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. कापडाची पृष्ठऊर्जा द्रवाच्या पृष्ठताणाहून कमी असली तरच द्रव त्यावर न पसरता थेंब बनून घरंगळतो. पाणी झटकायला मेण पुरते, परंतु तेलाच्याही खाली पृष्ठऊर्जा नेण्याची किमया केवळ फ्लोरिनला साधते. म्हणून घामातील तेलकटपणा, बंदुकीचे तेल, जनावराची चरबी कॉलरला आणि बाह्यांना लागली की नव्या फिनिशची शक्ती तेथेच संपते आणि मग त्या डागातून पाणी पसरते. आपली तक्रार पावसाची वाटत असली, तरी मुळात ती तेलाची आहे, आणि तेलावर उपाय धुणे हाच. वासविरहित साबण शिकारीच्या दुकानात मिळतो, हे आपल्याला मी सांगायला नको.

दुसरे असे की वरचे कापड भिजले की घामाची वाफ बाहेर पडत नाही, आणि हा त्रास चढणाऱ्याला जितका होतो तितका बसून राहणाऱ्याला होत नाही. ओल्या कापडामुळे अंगातील ऊब जाते, हा आपला मुद्दा मात्र मान्य.

लोटेकर

सवलत मिळाली की ते रसायन कोठेतरी बनत राहते, हे दोघांच्याही लिखाणात आलेले नाही. इटलीतील त्रिस्सिनो येथील मितेनी हा पीएफएएस बनवणारा कारखाना 1960 च्या दशकात मार्झोत्तो या कापड उद्योगसमूहाचे संशोधन केंद्र म्हणून सुरू झाला, म्हणजे त्याचे मूळ कापडाच्याच धंद्यात आहे. त्यातून झिरपलेल्या पीएफएएसने विचेन्झा, वेरोना आणि पादोवा या प्रांतांतील सुमारे साडेतीन लाख लोकांच्या परिसरातील भूजल दूषित केले. कारखाना 2018 मध्ये दिवाळखोरीत गेला, आणि जून 2025 मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. त्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीच्या उपकंपनीने लिलावात घेतली आणि ती आली आमच्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत, रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यात.

नव्या प्रकल्पाने प्रदूषण केले, असे मी म्हणत नाही. परंतु या वसाहतीच्या सांडपाण्याविषयी दाभोळ खाडीतील मच्छीमारांच्या तक्रारी इतक्या जुन्या आहेत की येथे कोणाला विश्वास वाटावा तरी कशाच्या जोरावर? आपल्या मचाणावरच्या चार तासांच्या कोरडेपणाची किंमत दुसऱ्याच्या विहिरीने का मोजावी, एवढेच विचारतो.

मिशिगनकर

लोटेकर, आपला राग समजतो. पाण्याच्या प्रदूषणाचे म्हणाल तर त्यातून आम्हीही सुटलेलो नाही. मिशिगनमधील ऑस्कोडाजवळच्या क्लार्क्स मार्श परिसरात पाच मैलांच्या आत मारलेले हरीण खाऊ नये, असा इशारा राज्याने 2018 मध्ये दिला. मात्र तो दोष हवाई दलाच्या जुन्या तळावरील आग विझवण्याच्या फेसाचा होता, जाकिटाचा नव्हे. सगळ्या उपयोगांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. फेस, सांडपाणी आणि कारखाने आधी आवरावेत, थोड्या लोकांचे विशेष कपडे शेवटी घ्यावेत, असा क्रम असायला हवा.

उत्तरवारा

मी डेन्मार्कमध्ये राहते. मिशिगनकर, क्रमाचा आपला मुद्दा ऐकायला चांगला वाटतो, परंतु अशा क्रमात प्रत्येकालाच आपले नाव शेवटी हवे असते. शिवाय आवाज न करणाऱ्या शिकारी कपड्यांचा प्रश्न फ्लोरिन येण्याआधीच सुटलेला होता. आल्प्समधील शिकारी लोडेन ही घट्ट मळलेली लोकर वापरत आले आहेत. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांसाठी व्हेंटाइल नावाचे दाट विणीचे सुती कापड तयार झाले. पाणी लागले की त्याचे धागे फुगतात आणि विणीतली फट बुजते. त्याचा आवाज होत नाही, म्हणून शिकारी आजही ते घेतात. ते महाग आहे, भिजल्यावर जड आणि ताठ होते, मुसळधार पावसात दिवसभर टिकत नाही, हे सगळे खरे आहे. परंतु आपण स्वतःच रिमझिम पावसाचे वर्णन केले आहे. सवलत मागायचीच असेल तर ती ज्याचा जीव कपड्यावर अवलंबून आहे त्याने मागावी, उदाहरणार्थ अग्निशामक जवानाने. छंदासाठी, मग तो माझा गिर्यारोहणाचा छंद का असेना, मला ती मागवणार नाही.

सूतमाप

सवलतीच्या कपड्यांवरही कॅलिफोर्नियात ‘पीएफएएस रसायने वापरली आहेत’ असे लेबल लावावे लागते. ते वाचून किती ग्राहक जाकीट उचलतील, हे ज्याने त्याने ठरवावे. प्रोसेसवाल्याची अडचण वेगळीच आहे. कायद्यातील मर्यादा एकूण सेंद्रिय फ्लोरिनची आहे : आज दशलक्षात 100 भाग, 2027 पासून 50 भाग. ज्या पॅडरमधून (कापड रसायनात बुडवून रोळांत पिळणारे यंत्र) सवलतीचे फ्लोरिनयुक्त कापड काढले, त्याच्या रोळांवर, पाइपांत आणि टाकीत अंश राहतो, आणि पुढचा फ्लोरिनविरहित लॉट तपासणीत अडकू शकतो. थोड्या मीटरच्या ऑर्डरसाठी वेगळी मशीन कोणी राखून ठेवत नाही. त्यामुळे कायद्याने 2028 पर्यंत मुभा दिलेली असली, तरी हे फिनिश मारून देणारा कारखाना तोपर्यंत सापडेलच, याची खात्री मी मिशिगनकरांना देऊ शकत नाही.