पुनरुत्थानाची आशा : दुःखात तुम्हाला कशानं धरून ठेवलं? (अनुभव)

मधुमालती
काल एका दफनविधीला गेले होते. गेलेला मुलगा तरुण. त्याची बहीण कबरीपाशी हुंदके देत होती आणि मागून कुणीतरी म्हणालं, "रडू नकोस गं, तो प्रभूकडे गेलाय. विश्वास आहे ना तुझा?" पोटात कालवलं माझ्या. दादा गेला तेव्हा मलाही हेच ऐकवलं होतं. भाऊ गेल्याचं दुःख होतंच, वर आपला विश्वास कमी पडतोय की काय ही टोचणी.

तेव्हा आमच्या पाळकांच्या पत्नी घरी आल्या. उपदेश वगैरे काही नाही. शेजारी बसल्या, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय काढला आणि म्हणाल्या, "मार्था काय म्हणते वाच." 'प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता.' मग थोडं पुढे जाऊन मरीया. तेच वाक्य, शब्दाला शब्द! दोघी बहिणी चार दिवस घरात एकमेकींशी हेच बोलत असणार. आणि येशू एकीलाही रागावत नाही. त्यांच्या मेलेल्या भावाला, लाजराला, आता उठवणार हे त्याला ठाऊक आहे, तरी तो रडतो.

तेव्हापासून मला आशा आणि रडणं एकमेकांविरुद्ध वाटत नाही. प्रेषित पौलानंसुद्धा थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्रात 'ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका' असं लिहिलंय. खेदच करू नका असं नाही लिहिलं.

तुम्हाला कशानं धीर दिला? लिहा, जमेल तसं.

रानजाई
मधुमालती, वाचून डोळे भरले. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता पोराला क्लासला सोडायचंय.

थोरला
बाबांना अर्धांगवायू झाला होता. उजवा हात गेलेला. सदऱ्याचं बटण लावायला गेले की बोटं काजावरून घसरायची, आणि आम्ही मदतीला गेलो की चिडायचे. आयुष्यभर हातानं काम केलेला माणूस. शेवटी शेवटी बटणं सोडून द्यायचे आणि खिडकीकडे तोंड करून बसायचे.

ते गेल्यावर सगळे म्हणत होते, आत्मा सुटला, देहाच्या कटकटीतून मोकळे झाले. मला ते पटेना. मला बाबा हातासकट हवे होते. दफनाच्या वेळी १ करिंथ १५ (पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र) वाचलं गेलं, 'अशक्तपणात पेरले जाते, सामर्थ्यात उठवले जाते.' शेकडो वेळा ऐकलेलं वचन, पण त्या दिवशी मला तो हात दिसला. आपण विश्वासांगीकारात, म्हणजे चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतो त्या श्रद्धेच्या कबुलीत, 'देहाचे पुनरुत्थान' म्हणतो ते का म्हणतो, हे मला कबरीपाशी कळलं.

अबोल
थोरले दादा 🙏

के_पी
+१. आणि उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच होते, हेही बघा. लूक २४ मध्ये शिष्यांना वाटतं भूत आहे, तर तो म्हणतो मला चाचपून पाहा, आणि त्यांच्यासमोर भाजलेला मासा खातो. इतकं साधं! वण राहिले पण दुखणं राहिलं नाही, असं मी मनाशी धरून आहे.

पायवाट
मी ख्रिस्ती नाही, पण मैत्रिणीच्या आईच्या वेळी हे सगळं जवळून पाहिलं. एक प्रश्न, कुणाला दुखवायचं नाही. ज्यांचं दहन होतं किंवा जे समुद्रात बुडतात, त्यांचं काय? देहच उरला नाही तर?

थोरला
पायवाट, छान विचारलंत. हा प्रश्न करिंथमध्येही होता, 'मेलेले कसे उठवले जातात, कोणत्या शरीराने?' पौल दाण्याचं उदाहरण देतो. पेरतो तो नुसता दाणा, देव त्याला शरीर देतो. म्हणजे अवशेष किती उरले यावर काहीच अवलंबून नाही. समुद्राचं तर प्रकटीकरण २० मध्ये थेटच आहे, समुद्रानं आपल्यातले मेलेले बाहेर दिले.

निळी छत्री
दहनाला कॅथलिक चर्चची १९६३ पासून परवानगी आहे. पुनरुत्थान नाकारायचं म्हणून कुणी करत नसेल तर हरकत नाही. २०१६ मध्ये परत स्पष्ट केलं की रक्षा विखरायची नाही, पवित्र जागी ठेवायची. माझ्या मावशीचं दहन झालं तेव्हा घरात केवढा वाद! फादरनी शांतपणे समजावलं तेव्हा आजी निवली.

पायवाट
धन्यवाद दोघांनाही. मैत्रिणीला हा धागा पाठवते.

रानजाई
आले. आमचं बाळ जन्मल्यावर थोड्याच वेळात गेलं. लोकांना काय बोलावं कळत नाही, मी कुणाला दोष देत नाही. 'अजून वय आहे तुझं' हे मात्र ऐकवत नव्हतं. दुसरं झालं तरी हे हेच होतं ना?

मला बायबलमधल्या दावीद राजानं धरून ठेवलं. त्याचं लेकरू आजारी असताना तो जमिनीवर पडून उपास करतो. ते गेल्यावर उठतो, आंघोळ करतो, मंदिरात जातो. लोकांना नवल वाटतं. तो म्हणतो, 'मी त्याच्याकडे जाईन, पण ते माझ्याकडे परत येणार नाही.' (२ शमुवेल १२) पुनरुत्थान हा शब्द तिथे नाही, पण मला त्यात दिशा मिळाली. मी त्याच्याकडे चालले आहे. आजही, भांडी घासताना सुद्धा.

मधुमालती
रानजाई, जवळ असतीस तर मिठी मारली असती. नाव ठेवलं होतं का गं बाळाचं?

रानजाई
हो. घरात अजून त्याच नावानं बोलतो आम्ही.

अबोल
मी सहसा लिहीत नाही. मी नर्स आहे. मरणाच्या दारात विश्वासणारेसुद्धा घाबरतात, हे मी पाहिलंय, आणि त्यात काही कमीपणा नाही. एक आजोबा सारखा हात चाचपायचे, कुणी आहे का बघायला. मी हात दिला की म्हणायचे, "योहान १४." मी 'तुमचे अंतःकरण अस्वस्थ होऊ नये' इथून सुरू करायची. 'जागा तयार करायला जातो' इथपर्यंत आलं की त्यांची पकड सैल व्हायची. मग दहा मिनिटांनी पुन्हा "योहान १४." दर वेळी नव्यानं. ड्युटी संपली तरी मी थांबायची.

के_पी
अबोल ताई, तुमच्यासारख्या नर्स सगळ्यांना मिळोत.

दुपारची पेंग
अवांतर : आमचे चिरंजीव (वय ७) विचारत होते, आजोबा उठतील तेव्हा बुद्धिबळात परत चीटिंग करतील का? मी म्हटलं, तिथे चीटिंग नसणार. तर म्हणे, मग मी जिंकणार! 😄 आजोबा असते तर सगळ्यात जोरात तेच हसले असते.

निळी छत्री
😂😂 चिरंजिवांची आशा पक्की आहे.

विजूकाकू
ह्यांच्या मागे कागदपत्रं, बँक, घराची कामं सगळं माझ्यावर आलं. प्रार्थनेला शब्द सुचत नसत. मार्क १६ मधल्या बाया आठवायच्या. पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन येशूच्या कबरीकडे निघाल्यात आणि वाटेत चिंता कसली, तर कबरीच्या तोंडावरची धोंड कोण लोटील! पुनरुत्थान होऊन गेलंय आणि ह्यांना अजून धोंडेची काळजी. मला त्या फार जवळच्या वाटतात. विश्वासानं भरून गेल्या नव्हत्या, फक्त करायचं काम करायला गेल्या होत्या. तेवढं मीही करू शकत होते. (टायपिंगच्या चुका समजून घ्या, चष्मा सापडत नाहीये.)

दुपारची पेंग
काकू, तुमच्याकडे मोठ्या टायपातलं बायबल आहे ना, ते कुठल्या आवृत्तीचं? आईसाठी हवंय, मोबाईलवर वाचायला तिला आवडत नाही.

विजूकाकू
अरे मुलीनं आणलंय, तिला विचारून सांगते. जड आहे पण, मांडीवर उशी घेऊन वाचावं लागतं.

नवी सई
मध्येच विचारते, माफ करा. आत्या आज सकाळी प्रभूमध्ये निद्रिस्त झाली. उद्या शास्त्रपाठ मला करायचाय. १ करिंथ १५ सगळा वाचू का?

थोरला
सई, देव तुम्हा सगळ्यांना सांत्वन देवो. सबंध नको, ५८ वचनं आहेत. ४२ ते ४४ आणि मग ५१ ते ५७ घे.

अबोल
आणि सावकाश वाच. एखादी ओळ अडली तर थांब, लोक थांबतात.

नवी सई
५१ पासूनच घेते. ताईला शेजारी उभी करते, माझा आवाज गेला तर पुढचं ती वाचेल. दफन अकराला आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा.